जुन्या घड्याळाची डायल मूळचीच आहे का? सहाखालची 'स्विस', 'टी स्विस टी' किंवा 'जपान' ही ओळ कशी वाचायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं घड्याळ हातात आलं की नजर आधी ब्रँडच्या नावावर जाते. मी ती मुद्दाम खाली नेतो, सहाच्या आकड्याखाली. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत देशाचं नाव छापलेलं असतं. डायल कारखान्यातून निघाली तशीच आहे, नंतर रंगवली आहे की दुसरीच बसवली आहे, हे ठरवताना मला सगळ्यात जास्त मदत या ओळीची झाली आहे. मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. डायलवर या खुणा रोमन लिपीत असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

ही खूण नेमकी कुठे शोधायची?

स्विस घड्याळांत ती बहुधा सहाच्या खाली, मिनिटांच्या रेघांच्या ओळीत किंवा त्याहून जरा बाहेर असते. 'स्विस मेड' असेल तर सहाच्या खुणेच्या डावीकडे 'स्विस' आणि उजवीकडे 'मेड' अशी विभागणी पुष्कळदा दिसते. अक्षरं डायलच्या गोलाईबरोबर वळलेली असतात. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, आतल्या कडेखाली ती अर्धवट झाकली जातात, म्हणून समोरून दिसली नाहीत तरी लगेच निष्कर्ष काढू नका. घड्याळ तिरकं करा, बाजूने उजेड टाका आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा.

डायलवर देशाचं नाव छापायची पद्धत कशी सुरू झाली?

व्यापाराच्या कायद्यांमुळे. ब्रिटनने 1887 मध्ये मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्यात आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असण्याची सक्ती केली आणि ती 1891 पासून लागू झाली. स्विस कारखान्यांचं बरंच गिऱ्हाईक याच दोन देशांत होतं, त्यामुळे 'स्विस' हा शब्द डायलवर इंग्रजीत आला. फ्रान्ससाठी बनलेल्या घड्याळांवर 'फाब. स्विस' असं फ्रेंच रूपही सापडतं. अशी डायल असेल तर केसवर फ्रेंच आयातीचे शिक्के आहेत का, तेही पाहावं.

'स्विस मेड' कशाला म्हणायचं याची नेमकी कायदेशीर व्याख्या मात्र बरीच उशिरा आली. स्वित्झर्लंडने घड्याळांसाठी तो नियम 23 डिसेंबर 1971 ला केला. 2017 पासून तो आणखी कडक झाला आणि निर्मितीखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असणं आवश्यक ठरलं. म्हणजे 1971 च्या आधीच्या डायलवरचे हे शब्द आजच्या कायद्याच्या चष्म्यातून वाचू नयेत.

एवढ्याशा ओळीवर इतका भर का?

डायल पुन्हा रंगवणारा कारागीर कसं काम करतो ते पाहा. तो जुनी छपाई आणि लाखेचा थर रसायनाने काढतो, पत्रा घासून गुळगुळीत करतो, नवा मुलामा किंवा रंग देतो आणि त्यावर अक्षरं छापतो. गिऱ्हाईक ब्रँडचं नाव बघणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून त्याची सगळी मेहनत तिथे जाते. खालच्या ओळीसाठी तयार ठसा असतो आणि तोच अनेक ब्रँडच्या डायलवर चालवला जातो. कधी ती ओळ छापायचीच राहून जाते, तर कधी मूळ डायलवर नुसतं 'स्विस' असताना 'स्विस मेड' छापलं जातं.

तरीही एकट्या या ओळीवर निकाल देऊ नये. ती ल्यूमशी (अंधारात चमकणाऱ्या लेपाशी), काट्यांशी, मशीनशी आणि केसच्या नंबरशी जुळते का, हे बघायचं. मी याला डायलची उलटतपासणी म्हणतो.

'स्विस' जुनं आणि 'स्विस मेड' नवं, हे खरं का?

नाही. हा समज सगळीकडे पसरलेला आहे आणि त्यापायी चांगली घड्याळं नाकारली गेली आहेत. दोन्ही रूपं अनेक दशकं शेजारी शेजारी चालू होती. 1930-40 च्या दशकातल्या डायलवर 'स्विस मेड' सापडतं आणि 1960 च्या दशकातल्या डायलवर नुसतं 'स्विस'ही सापडतं. प्रश्न विचारायचा तो असा: या ब्रँडने, या मॉडेलवर, या वर्षांत काय छापलं होतं? त्यासाठी त्याच मॉडेलची, जवळपासच्या नंबरची, खात्रीची पाच-सहा घड्याळं ताडून पाहावी लागतात. याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

'टी स्विस टी' आणि 'टी < 25' म्हणजे काय?

हा टी ट्रिटियमचा. ही जोडी या साऱ्या विषयात सर्वांत उपयोगी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी आधी रेडियम वापरलं जायचं. त्याचा धोका लक्षात आल्यावर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस कारखाने ट्रिटियमकडे वळले. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार. त्याचं बीटा उत्सर्जन इतकं दुबळं असतं की ते घड्याळाची काचही ओलांडत नाही. ते वापरलंय हे सांगण्यासाठी देशाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना टी छापायला सुरुवात झाली: 'टी स्विस टी', 'टी स्विस मेड टी'. 'स्विस टी < 25' याचा अर्थ ट्रिटियमची क्रियाशीलता 25 मिलिक्युरीपेक्षा (हे किरणोत्साराचं माप) कमी. नुसतं 'टी 25' असेल तर 25 मिलिक्युरीपर्यंत. जास्त उजेड लागणाऱ्या घड्याळांवर, उदाहरणार्थ पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या, हे दिसतं.

ट्रिटियमचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 12.3 वर्षं. 1967 मधल्या डायलवर आज मूळच्या 5 टक्क्यांहूनही कमी ट्रिटियम उरलेलं असणार. म्हणून 'टी स्विस टी' लिहिलेली डायल अंधारात तासन्‌तास हिरवीगार चमकत असेल, तर तिच्यावर नंतर नवं ल्यूम भरलंय किंवा डायलच नवी आहे. अतिनील टॉर्च मारल्यावर जुनं ट्रिटियम ल्यूम उजळतं, पण टॉर्च काढताच बहुधा काही क्षणांत विझतं.

उलटी विसंगतीही असते. डायलवर टी आहे, पण आकड्यांवर किंवा काट्यांवर कुठेच ल्यूम नाही. असं दिसलं की मी थांबतो. ल्यूम खरवडून काढलेलं असू शकतं, किंवा कुणी अर्थ न कळता ओळ जशीच्या तशी नक्कल केलेली असू शकते.

टी नेहमी याच जागी असतो असंही नाही. ब्रिटिश लष्करी घड्याळांवर तो वर्तुळात, डायलच्या मधल्या भागात येतो. जर्मन लष्कराच्या हॉयर कंपनीच्या काही क्रोनोग्राफवर (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांवर) लाल वर्तुळात '3 एच' असतं, कारण ट्रिटियम म्हणजे हायड्रोजन-3. अमेरिकन लष्करी घड्याळांवर 'एच 3' आणि शेजारी किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसतं.

नुसतं 'स्विस' लिहिलंय आणि ल्यूम छान चमकतंय. बनावट समजायचं का?

घाई करू नका. नुसतं 'स्विस' असलेल्या ल्यूमवाल्या डायलचे दोन वेगवेगळे काळ आहेत. एक रेडियमचा, म्हणजे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. दुसरा 1990 च्या दशकाच्या शेवटचा. तेव्हा जपानच्या नेमोतो कंपनीने 1993 मध्ये आणलेलं लुमिनोव्हा हे बिनकिरणोत्सारी ल्यूम स्विस कारखान्यांनी स्वीकारलं. टी छापायची गरज उरली नाही, आणि रोलेक्सच्या 1998-99 च्या सुमाराच्या काही डायलवर फक्त 'स्विस' उरलं. पुढे तिथे 'स्विस मेड' आलं. त्यामुळे 1998 च्या घड्याळात चमकणारी 'स्विस' डायल रास्त आहे. तीच डायल 1959 च्या केसमध्ये बसलेली असेल तर गोष्ट वेगळी.

रेडियमकडून ट्रिटियमकडे जातानाचा काळही गोंधळाचा आहे. 1962 ते 1964 च्या आसपास ट्रिटियम आलेलं, पण टी अजून छापला जात नव्हता, अशा डायल सापडतात. रोलेक्सच्या त्या काळातल्या काही डायलवर सहाजवळ एक बारीक ठिपका किंवा छोटी आडवी रेघ असते. संग्राहक तिचा संबंध कमी झालेल्या किरणोत्साराशी जोडतात.

'स्विस' दोनदा छापलंय. चूक आहे का?

1960 च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही रोलेक्स क्रोनोग्राफवर आणि पाण्यात बुडी मारायच्या घड्याळांवर हे खरोखर आहे. एक 'स्विस' अगदी कडेला, केसच्या काठाखाली झाकलेलं, आणि दुसरं त्याच्या वर. पहिलं दिसत नव्हतं म्हणून दुसरं छापलं, असं त्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण दिलं जातं. अशा डायलना आता मोठी मागणी आहे, म्हणून नकलाही होतात. दोन्ही ओळींची अक्षरं शेजारी ठेवून बघा.

देशाचं नावच नाही. डायल रंगवलेलीच असणार ना?

कदाचित. पण आधी घड्याळ कुठे पूर्ण झालं ते बघा. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन यांच्या अमेरिकेत बनलेल्या घड्याळांवर देशाचं नाव सहसा नसतंच. स्विस मशीन अमेरिकेत आणून तिथल्या केसमध्ये बसवलेल्या घड्याळांच्या डायलवरही पुष्कळदा ते नसतं. बुलोव्हा हे त्याचं ठळक उदाहरण.

इथे मशीन मदतीला येतं. अमेरिकेच्या 1930 च्या जकात कायद्यामुळे आयात मशीनवर निर्माता, देश आणि ज्वेलची (चाकांच्या टोकांना आधार देणाऱ्या खड्यांची) संख्या कोरावी लागे. त्याशिवाय बॅलन्सच्या पुलावर (मशीनचं झुलतं चाक धरणाऱ्या पट्टीवर) तीन अक्षरी संकेत असे: ओमेगासाठी 'ओएक्सजी', रोलेक्ससाठी 'आरओडब्ल्यू', लकूल्त्रसाठी 'व्हीएक्सएन'. जेजर-लकूल्त्रची घड्याळं अमेरिकेत नुसत्या 'लकूल्त्र' नावाने विकली जायची. म्हणून डायलवर 'लकूल्त्र', आत 'व्हीएक्सएन' आणि केस अमेरिकन, ही तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात.

हे काही लागू नसेल, त्याच मॉडेलच्या इतर घड्याळांवर 'स्विस' असेल आणि तुमच्यावर नसेल, तर मात्र डायल नंतर रंगवलेली असण्याची शक्यता दाट आहे.

'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना बारीक वेलांटीसारखं चिन्ह आहे.

तो ग्रीक छोटा सिग्मा. 1970 च्या दशकात काही स्विस कंपन्यांनी डायलवरच्या खुणा आणि काटे खऱ्या सोन्याचे आहेत हे सांगायला तो वापरला. पाटेक फिलिप, व्हाशरॉं कॉन्स्टंटँ, रोलेक्स, ओमेगा यांच्या डायलवर तो सापडतो. 1955 च्या घड्याळावर सिग्मा दिसला तर डायल नंतरची आहे. 1974 च्या घड्याळावर तो नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जपानी घड्याळांचं काय?

सेकोच्या डायलच्या तळाशी 'जपान' आणि त्यासोबत बारीक अंक असतात. पहिले चार अंक मशीनच्या कॅलिबरचे, म्हणजे मॉडेलचे, पुढचे डायलचे. ते पहिले चार अंक मागच्या झाकणावरच्या कॅलिबरशी जुळले पाहिजेत. पुढचा भाग केसच्या नंबरशी जुळलाच पाहिजे असं नाही. यावर लोक विनाकारण घाबरतात. नव्याने बनवलेल्या डायलवर हे अंक गायब असतात, चुकीचे असतात किंवा फुगलेले दिसतात.

जुन्या काही सेकोंवर कारखान्याची चिन्हंही आहेत, सुवा आणि दायनी यांची वेगवेगळी. मशीन एका कारखान्याचं आणि डायलवर चिन्ह दुसऱ्याचं असेल तर जुळवाजुळव झाली आहे. आणखी एक पडताळा म्हणजे पाण्याबद्दलचा शब्द. 1970 च्या आसपास सेकोने डायलवरचा 'प्रूफ' हा शब्द बदलून 'रेझिस्ट' केला. मागचं झाकण आणि डायल यांवर दोन वेगळे शब्द असतील तर सीरियल नंबरवरून वर्ष काढा. बदलाच्या काळात मिसळ झालेली असू शकते, चार-पाच वर्षं लांब असेल तर नाही.

इंग्लिश, जर्मन, सोव्हिएत?

स्मिथ्सच्या डायलवर 'मेड इन इंग्लंड' असेल तर सहसा ते चेल्टनहॅमचं दर्जेदार काम. 'मेड इन ग्रेट ब्रिटन' बहुधा वेल्समधल्या कारखान्याच्या स्वस्त घड्याळांवर येतं. स्वस्त मशीनवर पहिली ओळ दिसली तर झाकण उघडून घ्या. जर्मनीत फाळणीनंतरच्या डायलवर पश्चिम जर्मनी किंवा 'जीडीआर' (पूर्व जर्मनी) येतं, आणि ती नावं 1990 नंतरच्या घड्याळाला शोभत नाहीत. सोव्हिएत घड्याळांवर देशातल्या बाजारासाठी रशियन लिपीत आणि निर्यातीसाठी इंग्रजीत 'मेड इन यूएसएसआर' असायचं. सोव्हिएत डायलच्या नव्या, भडक नकला भरपूर आहेत. तिथे ही ओळ बरोबर असून बाकी सगळं खोटं, असंही मी पाहिलं आहे.

भिंगाखाली छपाईत काय बघायचं?

मूळ छपाई कोरलेल्या धातूच्या पाटीवरून मऊ पॅडने उचलून डायलवर टेकवली जायची. तिची अक्षरं काठाला धारदार, शाई एकसारख्या जाडीची आणि पृष्ठभागापासून किंचित उठलेली असते. 'ए'चं पोट उघडं दिसतं, 'एस'ची दोन्ही टोकं मोकळी असतात. काळ्या चकचकीत डायलवरची सोनेरी अक्षरं वेगळ्या रीतीने होत: अक्षरांच्या जागी काळा थर बसूच द्यायचा नाही, म्हणजे खालचं पितळ दिसतं. अशा डायलची अक्षरं काळ्या थराच्या पातळीखाली असतात. ब्रँडचं नाव खोलगट सोनेरी आणि 'स्विस' मात्र वर बसलेल्या रंगाचं, असं दिसलं तर त्याची चौकशी करा.

एक घड्याळ मला आजही डोळ्यासमोर दिसतं. 1950 च्या दशकातलं स्टीलचं, सहापाशी सेकंदांची छोटी तबकडी. ब्रँडचं नाव इतकं सुबक की मी फोटो पाहूनच होकार दिला. घरी आल्यावर भिंग लावलं. 'मेड'च्या 'एम'चे मधले पाय शाईने भरून एक झाले होते. 'स्विस'चा शेवटचा 'एस' मिनिटाच्या रेघेवर चढला होता. छोट्या तबकडीतली गोल कोरीव वलयं काठाशी बोथट झाली होती, कारण ती घासली गेली होती. काच काढल्यावर तीनच्या बाजूला डायलच्या कडेला कानशीने केलेली खाच दिसली. रंगवताना दिशा चुकू नये म्हणून कारागीर अशी खाच करतात. काही मूळ डायलनाही खाच असते, पण इथे चारही पुरावे एकाच दिशेचे होते. त्या पत्र्यावरची सत्तर वर्षांपूर्वीची लाख, तिच्यावरचा काळाचा पिवळसर रंग, सगळं कायमचं गेलं होतं. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

डायल कंपनीची आहे, पण खूण घड्याळाच्या वयाशी जुळत नाही.

मग ती सर्व्हिस डायल असावी. कारखान्यात दुरुस्तीला गेलेल्या घड्याळाला कंपनी त्या वेळची डायल बसवायची. 1966 च्या घड्याळात लुमिनोव्हाची 'स्विस मेड' डायल अशीच येते. ती अस्सल आहे, पण त्या घड्याळाबरोबर जन्मलेली नाही. विकणाऱ्याने 'ओरिजिनल' म्हटलं की यातला कोणता अर्थ त्याला अभिप्रेत आहे, हे स्पष्ट विचारा. ब्रिटिश लष्कराच्या घड्याळांत तर रेडियमच्या डायल काढून वर्तुळातल्या टीच्या डायल लष्करानेच बसवल्या. तो बदल त्या घड्याळाच्या सेवेचा भाग आहे आणि माझ्या मते तो तसाच जपावा.

गायगर काउंटरचा उपयोग होतो का?

होतो. किरणोत्सार मोजणाऱ्या या यंत्राला रेडियम काचेतूनही कळतं, ट्रिटियम कळत नाही. 'टी स्विस टी' डायलजवळ काउंटर जोरात टिकटिक करत असेल तर काटे रेडियमच्या काळातले असतील किंवा जुन्या डायलवर नवी ओळ छापलेली असेल. रेडियम-226 चं अर्धआयुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. ल्यूमची चमक मेलेली असते ती आतलं झिंक सल्फाइड झिजल्यामुळे, रेडियम संपल्यामुळे नव्हे. असं घड्याळ घरी उघडू नका. सुटलेली पूड श्वासातून आत जाणं हा खरा धोका आहे.

रेडियमची एक खूण मात्र बाहेरूनच दिसते. काटे वर्षानुवर्षं एका जागी थांबले असतील तर त्यांच्याखाली डायलवर तपकिरी सावली उमटते. ती सावली अखंड आणि तिच्यावरची छपाईही तितकीच जुनाट दिसत असेल तर मला त्या डायलबद्दल पुष्कळ विश्वास वाटतो.

फक्त फोटो मिळाले आहेत. काय मागायचं?

सहाच्या भागाचा काच न चमकता काढलेला जवळचा फोटो, तोच तिरक्या कोनातून, अंधारातला एक, आणि मशीनचा. डायल बाहेर काढलेली असेल तर मागची बाजूही. स्टर्न किंवा सिंगर यांसारख्या डायल बनवणाऱ्यांचे शिक्के तिथे सापडू शकतात. सहाचा फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली तर मी तिथेच थांबतो.

मूळ डायल मळकट दिसते. पुसून घेऊ का?

नका. जुन्या डायलवरची शाई पुष्कळदा लाखेच्या वर असते आणि ओलसर फडक्यानेही उचलली जाते. काठाकडची अक्षरं आधी जातात, कारण फडकं गोल फिरवताना दाब तिथे पडतो. 'स्विस'मधला एक 'एस' पुसून गेलेल्या, बाकी निर्दोष डायल मी पाहिल्या आहेत. साधी धूळ असेल तर घड्याळजीकडच्या रबरी फुग्याने दुरून हवा मारून घ्या, तेवढं पुरे. डायल रेडियमची असेल तर फुगाही नको, पूड उडते.